दोन न्याय : इतिहासशिक्षकाचा पेशा आणि साक्षीचा प्रश्न

मराठीत ‘न्याय’ हा शब्द निदान दोन अर्थांनी रुळलेला आहे आणि हे दोन अर्थ एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत की त्यांचे नाते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पहिला अर्थ कोर्टकचेरीचा, राज्यघटनेचा आणि चळवळीचा आहे : ज्याचे त्याला मिळणे, हिरावून घेतलेले परत मिळणे आणि माणसामाणसांत जन्मावरून केलेला भेद नाहीसा होणे. दुसरा अर्थ दर्शनशास्त्राचा आहे : अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांपासून चालत आलेल्या परंपरेत न्याय म्हणजे प्रमाणांच्या आधारे एखादी गोष्ट पारखून घेण्याची रीत, आणि प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान मिळवून देणारे साधन. इतिहास शिकवण्याचा पेशा या दोन अर्थांच्या शिवेवर उभा आहे, कारण जे घडून गेले ते पारखून सांगणे हे त्याचे काम आहे आणि जे घडले त्यात अन्यायाचा वाटा मोठा असल्यामुळे, तो सांगताना सांगणाऱ्याने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एका उत्तरानुसार इतिहासशिक्षकाने जे घडले तेवढे सांगावे आणि बरेवाईट ठरवण्याचे काम नीतिशास्त्रावर, राजकारणावर किंवा विद्यार्थ्याच्या विवेकावर सोपवावे. दुसऱ्या उत्तरानुसार अन्यायाविषयी चीड निर्माण करत नाही तो इतिहास निरुपयोगी आहे, म्हणून वर्ग हेही चळवळीचेच एक क्षेत्र मानावे. दोन्ही उत्तरांत एक गृहीत समान आहे, ते असे की न्याय ही इतिहासाला बाहेरून जोडायची गोष्ट आहे. पहिल्याला ती जोड नको आहे, दुसऱ्याला हवी आहे. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. इतिहासाच्या वर्गातला सामाजिक न्याय निवाड्याच्या कितीतरी आधी, कोणाची साक्ष दाखल करून घेतली जाते आणि ती कोणत्या रीतीने पारखली जाते या ठिकाणी सुरू होतो, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

महाराष्ट्रातील शाळांत हा प्रश्न वेळापत्रकातच लिहिलेला असतो. इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय परंपरेने एकाच शिक्षकाकडे येतात आणि दहावीला ‘इतिहास व राज्यशास्त्र’ अशी ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते. एका तासिकेला हा शिक्षक जे होते ते सांगतो आणि दुसऱ्या तासिकेला जे असावे असे राज्यघटनेने ठरवले आहे ते सांगतो. घटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता यांच्याही आधी न्यायाचा उल्लेख येतो आणि तो सामाजिक, आर्थिक व राजनैतिक अशा तीन विशेषणांसह येतो. त्या विशेषणांतले पहिले ‘सामाजिक’ हे आहे. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली हे वाक्य नागरिकशास्त्राचे आहे, परंतु नष्ट केली ती गोष्ट काय होती हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही, आणि ते सांगायचे म्हटले की शिक्षक इतिहासाच्या प्रांतात येऊन पोचतो. तेव्हा दोन विषयांची सांगड घालावी की घालू नये, हा पर्याय त्याच्यापुढे मुळात नसतोच. ती कशी घालावी एवढाच प्रश्न उरतो.

पहिल्या उत्तरामागची परंपरा मोठी आहे आणि तिला कमी लेखून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड रांके या जर्मन इतिहासकाराने मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर इतिहासाची उभारणी केली, आणि भूतकाळाचा न्यायनिवाडा करण्याची मोठी जबाबदारी आपण अंगावर घेत नसून प्रत्यक्षात काय घडले तेवढेच दाखवणार आहोत अशी भूमिका मांडली. महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दफ्तरे गोळा केली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. अस्सल कागदाशिवाय विधान करायचे नाही, ही त्यांची शिस्त बखरींच्या आणि ऐकीव गोष्टींच्या अमलातून मराठी इतिहासाला बाहेर काढणारी ठरली. आजच्या शिक्षकाला कोणत्याही दाव्यासमोर ‘आधार काय?’ असे विचारता येते, ते याच शिस्तीमुळे.

अडचण या शिस्तीच्या पुढच्या पायरीवर येते. कागद अस्सल आहे की बनावट, हे शाई, वळण, शिक्का आणि मायना पाहून ठरवता येते. पण मुळात कागद कोणी केला आणि कोणाचा झालाच नाही, याचे उत्तर कागद देत नाही. मोडी दफ्तरात वसुली, इनाम, तंटे, फौजेचा खर्च, देणग्या आणि दंड यांच्या नोंदी आहेत. गावकुसाबाहेरचा माणूस त्यांत येतो तो वेठीला धरलेला, वतनाच्या वादातला किंवा दंड झालेला म्हणून. त्याचे नाव येते, त्याचे बोलणे क्वचितच येते, आणि आले तरी ते कारकुनाच्या लेखणीतून उतरलेले असते. शितावरून भाताची परीक्षा करताना सगळी शिते एकाच हांडीतली आहेत, याची खात्री असावी लागते. लिहिण्याचा अधिकार मूठभरांकडे असलेल्या समाजात कागद ही एकाच चुलीवरची हांडी असते, आणि तिच्यावरून साऱ्या गावाच्या जेवणाचा अंदाज बांधणे हे प्रमाणशास्त्राच्या कसोटीवरच टिकत नाही. येथे चूक दयेच्या अभावाची नाही, अनुमानाची आहे.

प्रमाणांचा विचार न्यायदर्शनाने फार बारकाईने केला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे तेथे मानली आहेत. यांतले चौथे, म्हणजे शब्द, हे इतिहासाचे मुख्य भांडवल होय, कारण भूतकाळ कोणालाच प्रत्यक्ष दिसत नाही आणि तो दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच कळतो. कोणाचे सांगणे प्रमाण मानावे याचे न्यायदर्शनाचे उत्तर असे की ते आप्ताचे असावे. येथे आप्त म्हणजे नातलग असा नेहमीचा मराठी अर्थ घ्यायचा नसून विश्वासार्ह वक्ता असा घ्यायचा आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताचे लक्षण सांगताना दोनच अटी घालतो : त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. पुढे तो असेही बजावतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. साक्षीची विश्वासार्हता वक्त्याच्या कुळावर अवलंबून नाही, हा विचार दीड हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत तर्कग्रंथात इतक्या स्वच्छपणे यावा, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी.

मात्र तेवढ्यावर थांबणे हा या परंपरेचा गौरव होईल, तिचा इतिहास होणार नाही. ज्या बौद्धिक जगाने साक्षीचे दार सर्वांना उघडे ठेवले, त्याच जगाने अध्ययनाचे दार बंद केले होते. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे का, याची चर्चा आहे आणि शंकराचार्यांच्या भाष्याचा निष्कर्ष तो अधिकार नाही असा आहे. अधिकार म्हणजे येथे एखादी विद्या मिळवण्याची आणि ती वापरण्याची पात्रता. म्हणजे तत्त्वतः म्लेच्छही आप्त होऊ शकत होता, पण व्यवहारात ज्याला शिकण्याचा, लिहिण्याचा आणि चार जणांत बोलण्याचा अधिकारच नाही, त्याची साक्ष कोणत्या पोथीत उतरणार होती? मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ स्त्रीने २००७ मध्ये या प्रकाराला जे नाव दिले त्याला मराठीत ज्ञानविषयक अन्याय म्हणता येईल. तो दोन तऱ्हांनी होतो : एक, बोलणाऱ्याच्या ओळखीवरून त्याच्या शब्दाची किंमत कमी धरली जाते, दोन, स्वतःच्या अनुभवाला नाव देण्याची भाषाच त्याच्या हाती येऊ दिली जात नाही. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, तेव्हा या दोन्ही तऱ्हांच्या अन्यायावर एकदम घाव पडला. अक्षरओळखीइतकीच मोठी गोष्ट तेथे घडत होती, ती अशी की इतिहासाला नवे साक्षीदार मिळत होते.

त्याचा पुरावा सात वर्षांत आला. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकात मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने लिहिला होता. इतिहासाच्या वर्गात हा निबंध बहुधा गौरवासाठी सांगितला जातो : पहिला, धाडसी, हृदयद्रावक अशी विशेषणे लावून पुढच्या धड्याकडे जाता येते. साक्ष म्हणून तो वाचायला घेतला, तर मात्र प्रमाणविचाराचा एक संपूर्ण पाठ त्यातून शिकवता येतो, कारण त्या लहानशा मजकुरात तीन वेगवेगळ्या प्रकारांची विधाने शेजारी शेजारी उभी आहेत.

पहिल्या प्रकारची विधाने पेशवाईविषयी आहेत. बाजीरावाच्या काळी मांग-महारांना तालमीपुढून जाण्याचीही मुभा नव्हती आणि तसे घडल्यास त्यांचे शिर उडवले जाई, अशा आशयाचे भीषण वर्णन तेथे येते. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि निबंध लिहिणाऱ्या मुलीचा जन्म त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी झाला, म्हणजे हे तिचे प्रत्यक्ष नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून उतरत आलेला तो शब्द आहे. दुसऱ्या प्रकारची विधाने तिच्या डोळ्यांसमोरची आहेत : आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर धड छप्पर नसते आणि थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांचे हाल होतात, असे ती लिहिते. हे प्रत्यक्ष आहे आणि वात्स्यायनाच्या दोन्ही अटी पुऱ्या करणारे आहे. तिसऱ्या प्रकारचे विधान हा युक्तिवाद आहे : वेदांवर आपलाच हक्क आहे असे ब्राह्मण म्हणत असतील, तर आपल्याला धर्मपुस्तक नाही आणि म्हणून आपण धर्मरहित ठरतो, मग आमचा धर्म कोणता ते सांगा, असा प्रश्न ती देवालाच विचारते. अपशूद्राधिकरणाच्या निष्कर्षाला सुमारे हजार वर्षांनंतर मिळालेले हे उत्तर आहे, आणि ते अधिकार नाकारलेल्या बाजूनेच अनुमानाच्या भाषेत दिले आहे.

न्यायाने वागणाऱ्या शिक्षकाने या तीन प्रकारांना एकाच तागडीत घालू नये. पेशवाईविषयीचे वर्णन ऐकीव आहे एवढ्यावरून ते फेकून देणे चूक, कारण त्या समाजाच्या स्मृतीत पेशवाई कोणत्या रूपाने उरली याचे ते उत्तम प्रमाण आहे, आणि स्मृती ही स्वतः एक ऐतिहासिक घटना असते. परंतु ते वर्णन जसेच्या तसे घडलेल्या प्रसंगाची नोंद म्हणून सांगणे हेही चूक, कारण त्यासाठी दुसऱ्या साधनांशी पडताळा घ्यावा लागेल. कशाचे प्रमाण कशासाठी, हा भेद विद्यार्थ्याला शिकवला गेला, तर मुक्ता साळवे या मुलीला एका इतिहासकाराला मिळावी तेवढी प्रतिष्ठा मिळते : तिचे म्हणणे तपासण्याइतके गंभीरपणे घेतले जाते. नुसती हळहळ ही प्रतिष्ठा देऊ शकत नाही, कारण ज्याची दया येते त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

येथे दुसऱ्या उत्तराची, म्हणजे वर्गाला चळवळीचे क्षेत्र मानणाऱ्या भूमिकेची, मर्यादा उघड होते. साक्षीदाराला दार उघडणे वेगळे आणि साक्षीदार रचणे वेगळे. सावित्रीबाईंची सहकारी फातिमा शेख हिचा उल्लेख सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात येतो, आपल्या आजारपणामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, अशा आशयाचा. या स्त्रीविषयी पुराव्याचा साठा इतका तुटपुंजा आहे की तिच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळशा गोष्टींना आधार दाखवणे कठीण जाते. अशा वेळी पोकळी कल्पनेने भरून काढण्याचा मोह सद्भावनेतून होतो. पण रचलेली साक्ष एकदा उघडी पडली की खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो, आणि त्याची किंमत ज्यांच्याजवळ मुळातच कागद कमी आहेत त्यांनाच मोजावी लागते. एका शिक्षिकेविषयी इतके थोडे का उरले, हा प्रश्न वर्गात मांडणे हे तिच्याविषयी रचलेल्या दहा गोष्टी सांगण्यापेक्षा अधिक न्यायाचे आहे.

सामाजिक न्यायाच्या परंपरेने स्वतःच ही शिस्त पाळली आहे, हे विसरले जाते. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावताराच्या कथांचा अर्थ लावून, बाहेरून आलेल्या आर्यांनी येथील मूळच्या लोकांना दास केले, असा इतिहास मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्र मूळचे कोण होते याविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये जोतीरावांनाच अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत पुराव्याअभावी नाकारला. गुरू मानलेल्या माणसाचा प्रश्न त्यांनी जपला आणि त्याचे उत्तर सोडून दिले. निष्ठा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात का, अशी शंका घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ठेवायला यापेक्षा चांगले उदाहरण मराठी मुलखात सापडणे अवघड आहे.

साक्ष ऐकून झाली की वर्गात एक अवघड शांतता पसरते, कारण हजेरीपटावर आडनावे असतात. अन्याय करणाऱ्यांची आणि सोसणाऱ्यांची आडनावे धड्यात आली की मुलांच्या माना आपोआप वळतात, आणि काहींना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत असे वाटते, तर काहींना आपले दुःख चारचौघांत मांडले जात आहे असे वाटते. पूर्वजांच्या कृत्यांचा दोष वंशजांना लागतो का, हा येथे खरा तात्त्विक प्रश्न आहे. भारतीय दर्शनांनी कर्माची चर्चा करताना दोन दोष सांगितले आहेत. जे केले नाही त्याचे फळ भोगावे लागणे याला अकृताभ्यागम म्हणतात, आणि जे केले त्याचे फळ न मिळताच ते नाहीसे होणे याला कृतप्रणाश म्हणतात. ज्या विचारसरणीत यांपैकी एकही दोष येतो ती सदोष मानली जाते. ही जोडी मुळात व्यक्तीच्या कर्मासाठी होती, परंतु इतिहासाच्या वर्गाला ती चपखल लागू पडते. बारा वर्षांच्या मुलावर दोनशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा दोष लादणे हा अकृताभ्यागम आहे. पण त्या कृत्यांचा आज कसलाच परिणाम उरलेला नाही, सगळे आता एका रेषेवर उभे आहेत, असे सांगणे हा कृतप्रणाश आहे. शिवाय अकृताभ्यागम दुहेरी असतो : न केलेल्या अपराधाचा दोष जसा वाट्याला येऊ शकतो, तसाच न केलेल्या कष्टाचा लाभही येतो, आणि पिढ्यानपिढ्या घरात असलेली पुस्तके, जमीन व ओळखीपाळखी हा तो लाभ होय.

ही परिभाषा वापरताना सावधगिरीही हवी, कारण ज्या कर्मसिद्धांतातून ती आली त्याचाच उपयोग, आजचे हीन जिणे हे गतजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे सांगून अन्याय पचवायला लावण्यासाठी झाला आहे. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीचे कर्म या जन्माला चिकटवण्याच्या कल्पनेवर टीका केली ती यासाठीच. शिक्षकाने मुलांपुढे दोष आणि दायित्व यांतला भेद ठेवावा. दोष करणाऱ्याचा असतो आणि त्याच्याबरोबर संपतो. दायित्व मात्र वारशाबरोबर येते, कारण घर वारशाने मिळाले तर त्यावरचे कर्जही मिळते, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये, युद्धात हरलेल्या आपल्या देशबांधवांना उद्देशून, गुन्ह्याचा दोष आणि नागरिक म्हणून येणारी जबाबदारी यांच्यात असाच भेद केला होता. परिस्थिती वेगळी, पण दोन्हीकडे प्रश्न हाच की लाजेने मान खाली न घालता आणि मान फिरवूनही न घेता भूतकाळाकडे कसे पाहावे.

अशा पाहण्यासाठी बोलण्याची रीतही वेगळी लागते. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. वाद म्हणजे सत्य कळावे म्हणून दोन्ही पक्षांनी प्रमाणे देऊन केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी शब्दच्छलासह वाटेल ते साधन वापरून केलेले भांडण. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष काहीच न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडाव करणे. रोजच्या मराठीत वाद म्हणजे तंटा असा अर्थ झाला आहे, ही या शब्दाची शोकांतिकाच म्हणावी लागेल. न्यायसूत्रांनी वाद कोणाशी करावा हे सांगताना शिष्य, गुरू आणि सहाध्यायी यांचा उल्लेख केला आहे, म्हणजे वर्ग हे वादाचे मूळ ठिकाण आहे. जल्प आणि वितंडा यांनाही तेथे सरसकट त्याज्य ठरवलेले नाही : कोवळा अंकुर जपण्यासाठी जशा काटेरी फांद्या भोवती लावतात, तसा सत्यनिर्णयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा, असे म्हटले आहे. या दृष्टान्तात शाळा आणि समाज यांच्या नात्याचा पुरा हिशेब आहे. रस्त्यावरचा संघर्ष, मोर्चा आणि सभागृहातली खडाजंगी हे कुंपण आहे आणि न्यायाच्या लढ्यात ते लागते. पण कुंपणच वाफ्यात लावले तर अंकुराला जागा उरत नाही.

याची प्रचिती २०१२ मध्ये आली. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात संविधानसभेच्या कामाच्या गतीवरचे, शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले एक व्यंगचित्र होते. त्यातील आंबेडकरांच्या चित्रणावरून संसदेत प्रचंड गदारोळ झाला, ते चित्र काढून टाकण्याचे ठरले आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. त्या व्यंगचित्रातला चाबूक दलित वाचकाला का बोचतो, आणि जुने व्यंगचित्र विचारप्रवृत्त करण्यासाठी वापरावे असे शिक्षणतज्ज्ञांना का वाटते, हे दोन्ही प्रश्न खरे होते आणि सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांना ते झेपणारे होते. वर्गात त्यांचा वाद झाला असता. सभागृहात त्यांचा जल्प झाला आणि निकाल लागून गेला.

शिकवणे कोणासाठी, यावरही पुष्कळ काही ठरते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत गेले, तेथे राजपुत्रांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्या अध्यापनातून पुढे ‘रियासत’मालेचा जन्म झाला. मराठी इतिहासलेखनातला एवढा मोठा प्रकल्प राजवाड्यातल्या शिकवणीतून निघाला. त्याआधी वीस वर्षे, १८६९ मध्ये, जोतीरावांनी शिवाजी महाराजांचा पवाडा रचला, तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा या हेतूने. राजपुत्राला राज्य कसे चालते ते कळायला हवे होते, आणि कुणब्याच्या मुलाला राज्य कोणाच्या कष्टांवर उभे राहिले ते कळायला हवे होते. समोर बसलेला श्रोता बदलला की इतिहासातील सत्य बदलत नाही, पण प्रश्नांचा क्रम बदलतो, आणि आजच्या शाळेत राजपुत्र व कुणबी एकाच बाकावर बसतात, म्हणून शिक्षकाला दोन्ही क्रम येत असावे लागतात.

एवढे सगळे ज्याच्याकडून अपेक्षित आहे त्या माणसाच्या स्थितीचा विचार केल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीची तोंडओळख, आरोग्य आणि नीतीचे काही पाठ यांबरोबर सामान्य इतिहासाचीही मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, असे आकड्यासह सांगितले. अभ्यासक्रम, शिक्षकाचा सामाजिक उगम आणि त्याचे वेतन या तिन्ही गोष्टी त्यांना एकाच प्रश्नाचे भाग वाटत होत्या. आजचा तरुण इतिहासात पदवी घेतो, बी.एड. करतो, शिक्षक पात्रता परीक्षा देतो आणि भरतीची वाट पाहतो. नेमणूक झाली तर पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो; ही योजना २००० मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १६,००० रुपये आहे. महाविद्यालयाची वाट धरली तर सेट-नेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्याच मोबदल्यावर, वर्षानुवर्षे शिकवावे लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तासही नसतात आणि पैसेही नसतात.

हा केवळ पोटाचा प्रश्न मानला जातो, पण त्याला प्रमाणशास्त्राची बाजू आहे. आप्ताची दुसरी अट, जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा, ही ज्याची नोकरी पुढच्या सत्रात राहील की नाही ते ठाऊक नाही त्याच्याकडून पुरी होणे कठीण असते. संस्थाचालकाची मर्जी, गावातल्या पुढाऱ्याचा निरोप आणि पालकाने मोबाइलवर केलेले चित्रण या तिन्हींच्या धाकात शिकवणारा शिक्षक खोटे बोलतो असे नाही. तो वगळतो. मुक्ता साळवेचा निबंध वाचायला लागणारी तासिका तो ‘गाळलेल्या जागा भरा’ यांवर घालवतो, कारण त्यावर कोणी तक्रार करत नाही. ज्ञानविषयक अन्याय अशा रीतीने पुन्हा वर्गात शिरतो, आणि या खेपेस त्याचा पहिला बळी स्वतः शिक्षक असतो.

इतिहासशिक्षकाने न्यायाधीश व्हावे की निर्विकार निवेदक व्हावे, हा पर्याय म्हणून फसवा आहे. त्याने साक्षीदारांना बोलू द्यावे, त्यांच्या बोलण्याची पारख करायला मुलांना शिकवावे, आणि कोणाच्या आडनावावरून त्याच्या शब्दाची किंमत ठरू देऊ नये. दर्शनशास्त्रातला न्याय एवढाच असतो, आणि तो प्रामाणिकपणे पाळला तर राज्यघटनेतल्या न्यायाची पहिली पायरी वर्गातच चढून होते. २०१८ पासूनच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकाची पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर आहेत आणि त्यांत वंचितांच्या इतिहासाला जागा आहे. म्हणजे साधन हाती दिलेले आहे. ते वापरायला निर्भय आणि पुरेशा वेतनावरचा शिक्षक लागतो, ही १८८२ ची मागणी मात्र अजून पुरी व्हायची आहे.